तुझं हातांचं वर्ष

आई, तू माझा घसा बघायचीस. अंधेरीच्या ऑफिसातून संध्याकाळी घरी यायचीस, पर्स खुंटीला अडकवायचीस, हातपाय धुऊन चहाचं आधण ठेवायचीस आणि मला स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभं करायचीस. "आ कर." एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात चमचा उलटा धरलेला, त्याचा दांडा माझ्या जिभेवर. शेजारच्या गुजराती काकी त्यांच्या गॅलरीतून बघत असायच्या. त्या म्हणायच्या, तुझी मम्मी डॉक्टर व्हायची राहिली. घसा लाल दिसला की तू गॅस बंद करायचीस आणि चहा न घेता मला डॉक्टरांकडे न्यायचीस, त्याच संध्याकाळी. बाकी दुखण्यांत तू चारचौघींसारखीच होतीस. गुडघा फुटला, हळद दाब. पोट दुखलं, ओवा चाव. ताप आला, उद्या बघू. घशाच्या बाबतीत मात्र तुझ्याकडे उद्या नसायचा.

मी पाचवीत होते तेव्हाची गोष्ट. डॉक्टरांनी गोळ्यांचा कोर्स दिला होता. तीन-चार दिवसांत मला बरं वाटायला लागलं आणि गोळ्या कडू लागायच्या, म्हणून पुढच्या मी तुळशीच्या कुंडीत मातीत दाबून टाकल्या. पाणी घालताना त्या वर आल्या आणि तुला दिसल्या. तू मला मारलंस. तू हात उगारणारी बाई नव्हतीस, त्यामुळे मला लागल्यापेक्षा नवलच जास्त वाटलं. मग तू माझ्यासमोर पाटावर बसलीस आणि म्हणालीस, "बरं वाटणं आणि बरं होणं, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लक्षात ठेव." नवीन पाकीट आणलंस आणि ते संपेपर्यंत रोज माझ्या पुढ्यात बसून गोळी गिळवून घेतलीस. गिळल्यावर जीभ वर करून दाखवायला लावायचीस.

तुझं स्वतःचं इंजेक्शन असायचं, दर तीन आठवड्यांनी. लहानपणी तुला सांधे सुजणारा ताप आला होता, त्यात हृदयाची झडप बिघडली, म्हणून ते इंजेक्शन. एवढं मला माहीत होतं आणि ते इतकं नेहमीचं होतं की मी कधी पुढे काही विचारलं नाही. दुसऱ्यांच्या आया इंजेक्शन घेत नाहीत हे मला बऱ्याच उशिरा कळलं. त्या दिवशी तू थोडी लंगडत यायचीस आणि येताना बेकरीतून खारी आणायचीस. खुर्चीवर एका बाजूला कलून बसायचीस, आपण दोघी चहात खारी बुडवून खायचो, आणि बाबा आले की म्हणायचे, "आज सुई झालेली दिसते." मला तो दिवस सणासारखा वाटायचा. दुखायचं तुला आणि खारी मला.

आणखी एक, तुझं अक्षर. माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर नेहमी बाबांची सही असायची. बाबा गावाला गेलेले असताना एकदा तुला सही करावी लागली. तू मला पाणी आणायला पाठवलंस आणि मी येईपर्यंत सही उरकून पुस्तक मिटून ठेवलंस. नंतर मी उघडून पाहिलं तर बालवाडीतल्या मुलाने रेघ ओढावी तशी ती सही. आणि हीच तू ऑफिसात टायपिस्ट होतीस, तीही एवढी वेगवान की तुझे साहेब तुला 'मशीन' म्हणायचे. किराण्याची यादीसुद्धा तू ऑफिसातून टाइप करून आणायचीस. आपल्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर इंग्रजी टंकातली लेबलं होती, हळद, धणे, तिरफळं, सगळं मोठ्या अक्षरांत. गुजराती काकी म्हणायच्या, हे घर आहे की बँक. आणि काळजीत असलीस की तुझी बोटं चालायची. ताटाच्या कडेवर, मांडीवर, माझ्या पाठीवर. मी आणि बाबा म्हणायचो, हिचं ऑफिस सुटलं पण टायपिंग सुटत नाही. तू हसायचीस आणि हात पदराखाली घ्यायचीस.

दहावीला मला तू शाईचं पेन घेऊन दिलंस, आठवतं? बोरीवली स्टेशनजवळच्या त्या अरुंद दुकानात. दुकानदाराने चालवून बघायला कागद पुढे केला तर तू म्हणालीस, "तिला लिहू दे." मी काय लिहू विचारलं. "माझं नाव लिही." मी लिहिलं. तू तो कागद बराच वेळ बघत राहिलीस, मग घडी घालून पर्समध्ये ठेवलास. दुकानदार म्हणाला, "बाई, कागद फुकट आहे, पेनाचे पैसे लागतील." तूही हसलीस.

हे सगळं मला गेली तीन वर्षं आठवतंय, आधी नव्हतं एवढं आठवत. तू गेलीस तेव्हा मी नोकरीला नुकतीच लागले होते. नंतर माझं लग्न झालं, बाबा गेले, आपली बिल्डिंग पाडून तिथे टॉवर झाला आणि आता आम्ही त्याच जागेवर अकराव्या मजल्यावर राहतो. जुन्या घराला लिफ्ट नव्हती, तू दुसऱ्या जिन्याच्या वळणावर थांबून चपलेचा अंगठा नीट करायचीस. चपलेला काही झालेलं नसायचं, दम खायचीस. तुझ्या नातीला हे सगळं माहीत नाही. तिला माहीत आहे ती फोटोतली आजी, अबोली साडीतली.

तुझी नात तिसरीत होती. एका आठवड्यात घसा दुखला, ताप आला, औषध दिलं, उतरला. पुढचे काही दिवस ती ठणठणीत होती. शुक्रवारी मैत्रिणीच्या वाढदिवसाला जाऊन नाचून आली. आणि सोमवारी सकाळी मी पाहिलं तर ती बेसिनशी उभी होती, नळ सोडलेला, आणि हात धुत होती. शाळेची वेळ झाली म्हणून मी हाक मारली. ती म्हणाली, "आई, ते जात नाहीये." काय जात नाहीये, विचारलं तर तिला सांगता येईना. दुपारी तिने पोळी खायला नकार दिला, घशात अडकून मरेन म्हणाली. संध्याकाळपर्यंत डोळ्यांची उघडझाप सुरू झाली आणि डावा खांदा मधूनच उडायला लागला. आठवडाभरात माझं हसतं खेळतं पोर मला बाथरूमला जाऊ देत नव्हतं. सीलबंद पाकिटातल्या बिस्किटांशिवाय काही खात नव्हतं. दिवसातून कितीतरी वेळा विचारायची, "माझे हात स्वच्छ आहेत ना? तू नक्की बघितलंस? शप्पथ?" मी शप्पथ म्हटलं की तिला पाच मिनिटं बरं वाटायचं, मग परत तेच.

तिची वही मी उघडली तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. महिन्याभरापूर्वीचं अक्षर मण्यांसारखं होतं. त्या आठवड्यातलं ओळी सोडून वर चाललेलं, वेडंवाकडं, अर्धवट. ते कुठेतरी आधी पाहिलंय असं मला वाटलं. कुठे, ते तेव्हा आठवलं नाही.

तिच्या नेहमीच्या डॉक्टरांनी हट्ट म्हटलं. शाळेतल्या बाईंनी विचारलं, घरात काही चाललंय का, म्हणजे तुमच्या दोघांत. मानसोपचारतज्ज्ञांनी मंत्रचळ म्हटलं, ते बरोबरच होतं, पण शुक्रवारी नसलेला मंत्रचळ सोमवारी कसा आला, हे माझ्या नवऱ्याने विचारल्यावर त्यांनीच आम्हाला अंधेरीला मुलांच्या मेंदूविकारांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे आम्हाला पहिल्यांदा कळलं की घशात एक जिवाणू येतो, शरीर त्याच्याशी लढतं, आणि काही मुलांत ती लढाई चुकून मेंदूच्या एका भागावर उलटते. पोलीस चोराला मारायला आले आणि शेजाऱ्याला मारून गेले, असं त्या डॉक्टरीणबाई माझ्या लेकीला म्हणाल्या. तिला ते पटलं. आम्हाला त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. या आजाराच्या नावावरूनच आमच्यात एकमत नाही. पण हिची सुरुवात, हिचं रक्त आणि घसा बघता मला हेच वाटतंय."

घरी आल्यावर आम्ही दोघं वाचायला बसलो, ते पुढचे कित्येक महिने वाचतच होतो. तुझा जावई, ज्याला तू पाहिलं नाहीस, बँकेत आहे. आकड्यांचा माणूस. त्याने परदेशातले लेख शोधले, आपल्याकडच्या आईवडिलांचा एक ग्रुप शोधला. त्या ग्रुपवर मी एकदा शिरले की तासभर बाहेर येत नसे. एकीचा मुलगा अँटिबायोटिकवर पंधरवड्यात बरा झालेला. एकीचा बरा झाला आणि प्रत्येक सर्दीला परत तिथेच. एकाची मुलगी आता कॉलेजात, उत्तम. एक बाई कधीच काही लिहायच्या नाहीत, फक्त सगळ्यांचं वाचायच्या. उपायांचीही तीच तऱ्हा. कुणी म्हणे अँटिबायोटिक लांबवा, कुणी स्टेरॉइड, कुणी दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं शिरेतून चढवायची म्हणे, कुणी म्हणे हे सगळं सोडा, वर्तनाची थेरपी करा. आणि मला ज्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं ते कुठेच नव्हतं. ही मोठी होऊन कशी होईल? शिकेल? नोकरी करेल? तिला कुणी जोडीदार मिळेल? जे सापडायचं ते थोड्याच मुलांवरचं आणि थोड्याच वर्षांचं असायचं. चाळिशीतली बाई झाल्यावर ती मुलगी काय करते, हे कुणी लिहिलेलं नव्हतं.

त्या प्रतिपिंडांवरून आमचं भांडण झालं. लेक हॉलमध्ये आहे म्हणून स्वयंपाकघरात, हळू आवाजात. तो म्हणाला, "आपण थांबलो आणि नंतर कळलं की उशीर झाला, तर?"

"आणि केलं आणि उपयोग नाही झाला तर? दवाखान्यात चार दिवस सुईला जोडून ठेवायचं तिला? तिला नळाचं पाणी चालत नाही रे, दुसऱ्याचं रक्त म्हटल्यावर काय होईल तिचं?"

"रक्त नाही ते."

"तिला सांग तू, रक्त नाही म्हणून."

तो ओट्याला टेकून उभा राहिला. एवढा मोठा माणूस, त्याचे डोळे भरले. म्हणाला, "मला फक्त काहीतरी करायचंय यार." मीही तेच म्हणत होते, फक्त उलट बाजूने. दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, आत्ता नको. अँटिबायोटिक, स्टेरॉइडचा छोटा कोर्स आणि थेरपी, नाही जमलं तर तेही करू, दार बंद नाही. मग त्यांनी विचारलं, घरात कुणाला संधिवाताचा ताप? हृदयाच्या झडपेचं काही? मी तुझं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "आणि अशा हालचाली? लहानपणी हात-पाय आपोआप हलणं?" मी म्हटलं, नाही. मग म्हटलं, माहीत नाही. "विचारा कुणाला तरी," त्या म्हणाल्या. "आणि हिच्या हृदयाचा इको करून घ्या."

विचारायला मावशीच उरली होती. ती मुलुंडला असते अजून, गुडघे गेलेत पण जीभ शाबूत आहे. मी एका रविवारी गेले. ती आमसुलं निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं, हात धुणं, खांदा, अक्षर. ती ऐकत राहिली आणि तिचे हात थांबले.

"तुझ्या आवशीचा हातांचा वरीस," ती म्हणाली. "आमी तसाच म्हणायचो. तेचा नाव घेवचा नाय, अशी आयेन शपथ घातलेली."

मग तिने सांगितलं. तू दहा-अकरा वर्षांची होतीस. घसा, ताप, सुजलेले सांधे. ते बरं झालं, आणि महिन्या-दोन महिन्यांनी तुझे हात हलायला लागले. "वाटी दिली की पेज अंगार सांडायची. चालताना पाय भलतीकडेच. तोंड वाकडा व्हायचा. मास्तराक वाटला, चेडू माका वेडावता. मारल्यान तिका. हातारच मारल्यान." कुणी म्हणायचं झपाटलंय, कुणी म्हणायचं नाटकं करते. कारण झोपलीस की तुझे हात शांत व्हायचे. म्हणजे जागेपणी मुद्दाम करते, असं लोकांनी ठरवलं. आजीने गाऱ्हाणं घातलं, अंगारा लावला. तू घरामागे फणसाखाली जाऊन एकटीच बसायचीस, हात मांडीखाली दाबून. मग तुमचा मामा, जो इथे गिरणीत होता, तो शिमग्याला गावी आला, त्याने बघितलं आणि तुला मुंबईला आणून मोठ्या दवाखान्यात दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, हे घशातून आलंय. तेव्हापासून तुझ्या सुया.

"आणि बरी झाली?"

"झाली तर. वर्साभरात हात थांबले. अक्षर मात्र काय परत येवक नाय. म्हणान तर टायपिंग शिकली ती. माका म्हणाली, मशीनीक माझा अक्षर दिसना नाय."

मी विचारलं, काळजीत असली की बोटं चालायची ती? टायपिंगमुळे ना? मावशी माझ्याकडे बघत म्हणाली, "ती बोटां टायपिंगच्या आदीपासून तशी."

मी बाबांचं विचारलं. त्यांना माहीत होतं? मावशी हसली. लग्न ठरताना घरच्यांनी लपवलं होतं, पण तू स्वतःच बाबांना निरोप धाडून दादरच्या एका हॉटेलात भेटलीस आणि सगळं सांगितलंस. त्यांनी विचारलं, आता हात हलतात का? तू म्हणालीस, कधी कधी, थोडे. "त्यो म्हणालो, चाय मागवतंय. सांडली तर पुसूया." मावशीने हे सांगताना आमसुलांचं ताट बाजूला सारलं आणि डोळे पुसले, आणि मी पण. बाबा असं बोलू शकतात हे मला नवीन होतं. माझ्याशी ते आयुष्यभर रेशन आणि अभ्यास यांवरच बोलले.

आई, तू मला का नाही सांगितलंस, असा प्रश्न मला त्या दिवशी परत येताना पडला होता, पण रागाने नाही. मला वाटतं तू सांगत होतीस. बॅटरी घेऊन सांगत होतीस.

इको अंधाऱ्या खोलीत होता. मला आत बसू दिलं. तिने माझा हात धरला होता, आणि खरं म्हणजे तोवर ती कुणाचा हात धरत नव्हती. पडद्यावर तिचं हृदय दिसत होतं, लाल-निळं, आणि त्या झडपा, कबुतराने पंख मिटावेत-उघडावेत तशा. मला तुझा जिना दिसत होता. तुझा दम, तुझे सुजलेले घोटे, शेवटच्या वर्षी तू उशा रचून बसूनच झोपायचीस ते. डॉक्टर पडद्यावर मापं घेत राहिले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "झडपा छान आहेत." मी विचारलं, नक्की? ते म्हणाले, "नक्की." मला पुन्हा एकदा विचारायचं होतं. तेव्हा मला कळलं की माझी मुलगी दिवसभर काय करते.

तुझं ऐकून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजीचं आणि हिचं दुखणं एकच आहे असं म्हणता येणार नाही, भावंडं म्हणा हवं तर. आजीचं झालं तसंच हिचं होईल, असंही धरू नका. मी मान डोलावली. पण खरं सांगते, तेवढ्या सगळ्या लेखांनी मला जे दिलं नव्हतं ते मला मुलुंडमध्ये मिळालं होतं. चाळिशीतली बाई झाल्यावर ती मुलगी काय करते? ती अंधेरीला नोकरी करते. तिरफळं घालून बांगड्याचं सार करते. सोसायटीच्या सभेत सेक्रेटरीला गप्प करते. डब्यांना लेबलं लावते. तिचं एक अक्षर राहतं, दोन-चार बोटं राहतात. एवढंच राहतं. झडपेचं निराळं होतं, तेव्हा औषध उशिरा मिळालं. हिला वेळेवर मिळतंय. हे मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याने लॅपटॉप मिटला. आकड्यांच्या माणसाला एका बाईवरून काही सिद्ध होत नाही हे माहीत असतं. तरी त्याने मिटला.

थेरपी घाटकोपरला होती. तिथे आम्हालाच शिकवलं, तिला शप्पथ द्यायची नाही. हे सगळ्यांत कठीण होतं, औषधांपेक्षाही. ती विचारणार, माझे हात स्वच्छ आहेत ना, आणि मी म्हणायचं, "मला माहीत नाही. आपण बघू काय होतं ते." पहिल्या दिवशी ती तासभर रडली. "एकदा सांग ना गं, फक्त एकदा." मी भांडी घासत होते, तिला पाठ केली होती म्हणून बरं, माझा चेहरा तिला दिसला नाही. मावशीने सांगितली तशी मऊ पेज मी करून बघितली, ती तिने खाल्ली नाही. तूप, मीठ, काहीच चाललं नाही. मग एका दुपारी, काही कारण नसताना, तिने माझ्या ताटातला भात उचलून तोंडात टाकला आणि खिडकीबाहेर नॅशनल पार्ककडून आलेलं माकड बघत चावत राहिली. गिळल्यावर म्हणाली, "मीठ कमी आहे."

तुझी गोष्ट मी तिला सांगितली, थोडी बरी झाल्यावर. मास्तरांचं मारणं गाळलं होतं, पण ती विचारत गेली तसं तेही सांगावं लागलं.

"मग आजीने शाळा सोडली?"

"वर्षभर. मग परत गेली."

"त्याच मास्तरांच्या वर्गात?"

"हो, गावात एकच शाळा."

"आणि हात थांबले?"

"थांबले. थोडेसे राहिले."

"थोडेसे चालतील," ती म्हणाली, जणू कुणी तिला विचारलंच होतं.

नंतर एकदा दिवाळीत सर्दीने सगळं परत आलं. आम्ही दोघं पुन्हा रात्रंदिवस हबकून गेलो, पण या वेळी ते लवकर ओसरलं, आणि पुढच्या खेपेला त्याहून लवकर. आता ती सहावीत आहे. डोळे मिचकावते, परीक्षा जवळ आली की जास्त. दाराची कडी दोनदा बघते. अक्षर बरंचसं परतलंय, सगळं नाही. पुढे काय, हे आम्हाला अजून माहीत नाही, डॉक्टरीणबाईंनाही नाही, आणि आता त्या हे सांगतात तेव्हा मला पूर्वीसारखा घाम फुटत नाही.

मे महिन्याची सुट्टी लागलीये. काल ती मावशीकडे मुलुंडला राहायला गेली, आमच्याशिवाय. आजारानंतर पहिल्यांदाच. तिथे मावशीच्या नातीही आल्यात. बॅग तिने स्वतः भरली. मी दिवसभर फोन केला नाही, कसा धरला धीर ते मलाच माहीत. आज दुपारी तिनेच केला. जेवली का, झोप लागली का, हात, काही त्रास; मी एकेक विचारत होते आणि ती हो, हो म्हणत होती, मागे पोरींचा दंगा चालला होता. मग म्हणाली, "आई, ठेवू का? माझा डाव आलाय." आणि ठेवला.

तेव्हापासून मी बसून हे लिहितेय. हे कुठे पाठवायचं नाही, तुझा पत्ता राहिलेला नाही, आणि नवऱ्याला दाखवलं तर तो दोन दिवस गप्प बसेल. पण एक गोष्ट आहे जी मी त्याला सांगू शकत नाही, ग्रुपवर तर मुळीच नाही, म्हणून तुला सांगते. त्या महिन्यांत ती मला क्षणभर सोडायची नाही, साडीला, दुपट्ट्याला, मिळेल त्याला धरून असायची, आणि मी देवाकडे एकच मागायचे की हिने मला सोडावं. आज तिने सोडलं. फोन ठेवल्यावर मला थोडंसं वाईट वाटलं, आई.